मालनवहिनीचा जबडा

"तोंड उघडा," मी म्हटलं, आणि मालनवहिनीनं डोळे मिटले.

माझ्या खुर्चीत बसणारी निम्मी माणसं असंच करायची. मी दातांचे एक्स-रे काढायचे. शाहूपुरीत दोन खोल्यांचं माझं सेंटर होतं, दारावर 'एस. पटवेकर' अशी पाटी. मालनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी लग्न केलं नाही, त्यामुळे दादा, वहिनी, त्यांची संजीवनी आणि मी असं आमचं चौघांचं घर. त्या दिवशी वहिनी पेशंट म्हणून आली होती आणि मला तिचा राग आला होता. मी तिच्या गालाच्या आत फिल्म सरकवली आणि बोटानं धरून ठेवा म्हणून सांगितलं. त्या काळी तसंच करायचे. तिचं बोट काही फिल्मवर टेकेना. दोनदा फिल्म जिभेवर पडली. तिसऱ्यांदा तिनं अंगठ्यानं रेटून धरली.

"एवढं धरता येत नाही, आणि दाढेचे फोटो काढायला आलाय," मी म्हटलं.

"धरता यावं म्हणूनच आलेय की," ती फिल्मसकट बोलली.

तिचं दुखणं दाढेत नव्हतंच. सहा वर्षांपूर्वी तिला संधिवातानं धरलं. सकाळी उठल्यावर तासभर तिच्या मुठी मिटायच्या नाहीत, चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. आणि काम काय, तर पटवेकऱ्याचं. दागिना सोनार घडवतो, पण मणी, मोती, वाट्या रेशमात गुंफून तो गळ्यात घालण्याजोगा करतो पटवेकरी. गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, आमचं तीन पिढ्यांचं दुकान. गिऱ्हाईक दादा बघायचा, नाजूक काम सगळं वहिनीचं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती गाठ मारायची, आणि तिची गाठ सुटलेली कुणी पाहिली नव्हती. मला त्या कामाची शिसारी होती. जन्मभर मान खाली घालून मणी ओवायचे आणि शेवटी मिरवायचं दुसऱ्या बाईनं. मी त्यातून सुटून मिरजेला जाऊन कोर्स केला आणि स्वतःला घरातली एकटी शहाणी समजू लागले.

आमच्यात एक पद्धत आहे. मुलीच्या लग्नातली काळ्या मण्यांची पोत आईनं स्वतःच्या हातानं गाठवायची. सासरच्या जाणत्या बाया पोत हातात घेऊन आईचा हात ओळखतात, त्यावरून घर ओळखतात. संजीवनीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि तेव्हा आश्विन चालू होता. वहिनीला बाकी काही नको होतं. तेवढी एक पोत पुरी होईपर्यंत तिची बोटं चालायला हवी होती.

बागवान डॉक्टर तिला आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या देत. रविवारी गोळी घेतली की सोमवारभर तिला मळमळायचं, आणि केस विंचरायला बसली की फणीत बोटभर गुंता निघायचा. पण त्या गोळ्यांनीच तिला सहा वर्षं कामावर ठेवलं होतं. बागवान डॉक्टर तोंडावर खरं सांगायचे, की हा आजार जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. त्यामुळे त्यांच्या दवाखान्यात कधी बाकावर जागा नाही असं झालं नाही.

आता डॉ. श्रीरंग नाडगोंडे. या माणसाबद्दल मला काय वाटत होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला साळसूद समजायला नको. तो दातांचा डॉक्टर. परदेशात कुठंतरी आठ दिवसांचा कोर्स करून आला होता आणि त्याचं प्रमाणपत्र एवढं मोठं मढवलं होतं, की त्या भिंतीवर घड्याळाला जागा उरली नव्हती. त्याचं म्हणणं असं, की काढलेल्या दाढेची जागा वरून भरते, आत मात्र हाड सुजून कुजत राहतं. ठणकत नाही, दिसत नाही, पण तिथून विष रक्तात झिरपतं आणि माणूस जिथं कच्चा तिथं जाऊन बसतं. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा, कुणाची उदासी. सगळ्यावर उपाय एकच, जबडा उघडून हाड खरवडायचं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. एक गृहस्थ तर धंदा बसला म्हणून झोप येत नाही सांगत आले, त्यांचाही जबडाच निघाला. ते कुजलेलं हाड एक्स-रेत दिसतं का, तर नाडगोंड्याला दिसतं. पुसट काळा डाग. असा डाग शोधायला बसलं तर कुणाच्याही जबड्यात सापडतो, माझ्यातही आहे.

आणि त्याच्या चिठ्ठ्यांवरच माझं सेंटर चालत होतं, हेही सांगून टाकते. दिवसाला सात-आठ जबडे तो माझ्याकडे पाठवायचा. मी मुकाट्यानं फोटो काढायचे आणि घरी जेवायला बसलं की त्याची नक्कल करायचे. "आजी, तुमचा गुडघा दाढेत आहे." दादाला ठसका लागायचा. वहिनी तेवढी हसायची नाही. एक दिवस कुणाला न सांगता ती त्याच्याकडे जाऊन आली.

चिठ्ठी हातात घेऊन समोर उभी राहिली तेव्हा मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, शिकल्या-सवरलेल्या घरातली बाई तुम्ही, आणि त्या भोंदूच्या नादी लागता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला हसायला सोपं आहे शैला," ती म्हणाली. "तुझी बोटं मिटतात. तू फोटो काढ, बाकीचं मी बघते."

काढले फोटो. खालचा जबडा, उजवी बाजू आणि डावी बाजू, दोन छोट्या फिल्म. धुवून वाळल्या तेव्हा मिरजेची माझी मैत्रीण नलिनी फोनवर होती. रिसीव्हर मानेत धरून मी तिला सांगत होते, की आता आमच्या घरातही जबड्याचा प्रसाद आला. नलिनी तिकडे हसून बेजार. बोलता बोलता दोन्ही फिल्म पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवल्या, खाली उजवी, डावी लिहिलं, सही ठोकली, पाकीट बंद केलं. तिच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा पूर्वीच काढलेल्या होत्या, आणि एका बाजूला त्या जागी वाटाण्याएवढा काळसर डाग होता. मी तो बघितला आणि मनात म्हटलं, घे बाबा तुझं कुजलेलं हाड.

आठवड्यानं त्यानं तिची उजवी बाजू उघडली. तासभर लागला. बाहेर येऊन त्यानं दादाला एक काचेची कुपी दाखवली, तिच्यात करड्या रंगाचे दोन-चार कण. सहा वर्षं तुमच्या घरात हे राहत होतं म्हणाला. दादानं कुपीला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला. बागवानांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. मूळच काढलं तर फांदीला औषध कशाला, असं त्याचं म्हणणं. जखम भरायला म्हणून रोज घ्यायच्या पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या. मी गाल सुजलेल्या वहिनीला पेज भरवली आणि महिनाभरात हिचे डोळे उघडतील म्हणून वाट बघत बसले.

डोळे उघडले ते माझे. दहाव्या दिवशी सकाळी वहिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मुठीनं. दादा दारात उभा राहून बघत होता आणि त्याच्या डोळ्याला पाणी आलं होतं. महिन्यात ती दुकानाचं काम करायला लागली, सहा पदरी मोहनमाळ गाठवली. चेहरा भरला, गाल वर आले, भूक वाढली. शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या, मालनबाई, तब्येत सुधारली हो. संजीवनीसाठी काळे मणी निवडायला सुरुवात झाली. ताटलीत मणी पसरून ती एकेक पारखायची.

आणि मला काय वाटलं? मला राग आला. ती बरी झाली याचा आनंद व्हायला हवा होता, तो अर्धा झाला आणि अर्धा राग आला. नाडगोंडे खरा ठरला आणि मी खोटी, हे मला गिळवेना. जेवताना नकला बंद झाल्या. दादा एकदा मुद्दाम म्हणाला, "शैले, तुझा गुडघा कुठं आहे गं?" मी ताटावरून उठले.

मार्गशीर्षात नाडगोंड्यानं सभागृह घेऊन एक व्याख्यान ठेवलं. 'आजाराचं मूळ जबड्यात.' संध्याकाळी साडेपाचला दोनशे माणसं. त्यानं वहिनीला मंचावर बोलावलं होतं. हिरवी इरकल नेसून ती तिथं खुर्चीवर बसली, समोर स्टुलावर मणी आणि सुई-दोरा. नाडगोंडे बोलत होता आणि ती सगळ्यांसमोर मणी ओवत होती. दर दहा मण्यांनी टाळ्या. जबड्याच्या डॉक्टरनं डोंबाऱ्यासारखा खेळ मांडला होता आणि आमच्या घरची बाई त्यात बसली होती. मी तिसऱ्या रांगेत बसून ओठ चावत होते.

मग दिवे मंद केले आणि पडद्यावर तिचा एक्स-रे आला. माझ्याच चौकटीचा फोटो, बैलगाडीएवढा मोठा. "ही उजवी बाजू," नाडगोंडे म्हणाला आणि छडीनं तो काळा डाग दाखवला. डागाशेजारच्या दाढेत एक पांढराशुभ्र ठिपका होता. दाढेत चांदी भरलेली असली की एक्स-रेत ती तशी पांढरी दिसते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतलं कुणीतरी काही म्हणालं आणि वहिनी मोकळेपणी हसली. तिच्या डाव्या गालाकडची चांदी दिव्यात चमकली. ती दाढ भरताना मी तिच्याशेजारी बसले होते. डावी दाढ. उजवीकडे तिच्या एकाही दाताला कधी चांदी लागलेली नाही.

प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा फुगवटा असतो. तो आपल्याकडे ठेवून फिल्म लावायची. पाठमोरी लावली की उजवी डावी होते आणि डावी उजवी. पहिल्याच दिवशी शिकवतात हे, आणि मी पंधरा वर्षं हजारो फिल्म लावल्या होत्या. माझ्या मनात आलं, प्रोजेक्टरमध्येच उलटं गेलं असेल. पण चौकटीवरची अक्षरं सरळ होती. उजवी. खाली माझी सही, तीही सरळ. उलटी होती ती फक्त फिल्म.

म्हणजे नाडगोंड्यानं जिथं काहीच नव्हतं तिथं कापलं होतं. तासभर त्या उघड्या तोंडात डोकं घालून बसला होता, आणि शेजारच्या दाढेत फोटोतली चांदी नाही हे त्या आठ दिवसांच्या पंडिताला दिसलं नाही. कुपीत घालून दाखवलं ते वहिनीचं धडधाकट हाड. मला पहिल्यांदा काय झालं असेल, तर आनंद. उभं राहून ओरडावं वाटलं. मग परत पडद्यावरची सही दिसली आणि मी हातातली पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. टाळ्या झाल्या, त्यात मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या दवाखान्यात गेले. म्हटलं, वहिनींची फिल्म उलटी लागली होती. डाग डावीकडे आहे, तुम्ही उजवीकडे कापलंत. तो दचकला नाही, फक्त पेनाचं टोपण लावलं.

"फिल्म कुणी लावली होती?"

"मी."

"सही?"

"माझीच."

"मग हे तुम्ही कुणाला सांगणार आहात?" त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं.

मी विचारलं, कुपीत काय होतं. हाड होतं म्हणाला. कुजलेलं का, म्हटलं. "हाड होतं," तो परत म्हणाला. मग मला समजावू लागला. पेशंटचे हात चालतायत ना. शरीर एकच असतं मॅडम, उजवं-डावं आपल्या सोयीसाठी. एका बाजूला धक्का दिला की दुसरी जागी होते. आता डावी बाजू दुसरा टप्पा म्हणून करून टाकू, त्याचे पैसे घेणार नाही. तुमच्या वहिनी सुखात आहेत, त्यांना आजारी पाडायचंय का तुम्हाला?

इतका हलका माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्यासमोर मी मान डोलावून उठले. माझं गेलं असतं काय? त्याच्या आणि आणखी चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या असत्या. त्याचीही भीती होती, पण खरी भीती वेगळी होती. गावातल्या सगळ्यांना मी हसले होते, आता ते मला हसले असते. एवढ्यासाठी मी तोंडात मूग धरून बसले. ज्या पांढऱ्या गोळ्या वहिनी रोज गिळत होती त्या कसल्या, हे विचारायचीही बुद्धी मला झाली नाही.

पौषात त्यानं डावी बाजू उघडली. या वेळी मी फिल्म चार वेळा पाहून लावली होती. आणि तिथं खरंच निघालं. वाटाण्याएवढी पुवाची पिशवी, वास येणारी. जन्मात एकदा त्याला त्याचं ते छुपं दुखणं खरोखर सापडलं. तो नाचायचा तेवढा बाकी होता. आता तुम्ही शंभर टक्के मोकळ्या म्हणाला, आणि पांढऱ्या गोळ्या बंद केल्या.

पंधरा दिवसांत वहिनीची मूठ मिटायची थांबली. महिन्यानं मनगटं सुजली, ती पूर्वीपेक्षा जास्त. बोटं करंगळीकडे कलायला लागली. खरी घाण काढल्यावर दुखणं वाढलं होतं, आणि काहीच न काढता पळालं होतं. मला हे दिसत होतं, रोज, जेवणाच्या ताटावर. ती चमचा मुठीत धरून भात खायची आणि मी भाजी किती छान झालीय ते सांगायचे.

फाल्गुनातल्या एका दुपारी ती पातेल्यातल्या गरम पाण्यात हात बुडवून बसली होती. मी घरी लवकर आले होते. ती म्हणाली, सोमवारी नाडगोंडे डॉक्टरांकडे जायचंय, आता वरचा जबडा करतो म्हणालेत. त्यांनी आंबट खाऊ नका म्हणून सांगितलं होतं, मी संक्रांतीला चिंचेचं सार प्यायले, माझंच पथ्य मोडलं. त्यांचा काय दोष.

त्यांचा काय दोष, हे मला सहन झालं नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. फोनवर कशी हसत होते, फिल्म कशी पाठमोरी लागली, त्यानं कुठं कापलं, चांदी कुठं दिसली. ती ऐकत राहिली. पाणी निवलं तरी हात बाहेर काढले नाहीत.

"कधी कळलं तुला?"

"व्याख्यानात. तुम्ही मणी ओवत होतात तेव्हा."

"म्हणजे मार्गशीर्षात."

"हो."

"आता फाल्गुन संपत आला."

मी म्हटलं, वहिनी, माझं चुकलं. तिनं हात पाण्यातून काढून पदराला पुसले. मग म्हणाली, "त्या डॉक्टरवर माझा अर्धाच विश्वास होता गं. माझ्या मनात यायचं, शैला एवढी सगळ्यांना हसते, म्हणजे तिला कळत असणार. फोटो तिनं काढलाय, तिला काही वावगं दिसलं असतं तर ती बोलली असती. त्या जिवावर तोंड उघडून बसले मी."

वरच्या जबड्याला ती गेली नाही. मी तिला बागवान डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडगोंड्याच्या चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवून वाचल्या आणि पांढऱ्या गोळीवर बोट ठेवलं. ही सूज दाबणारी गोळी, म्हणाले, हिनं कुणाचेही सांधे महिना-दोन महिने हसतात, आणि गालही भरतात. दाढेतला पू काढला ते बरंच झालं. तोंडातल्या सुजेचा बाकी शरीराशी संबंधच नसतो असं नाही, हृदयाची झडप खराब असलेला पेशंट मी स्वतः आधी दात बघून घ्यायला पाठवतो. पण तुमचा आजार त्या दाढेतून आलेला नव्हता. मी विचारलं, गोळ्या परत सुरू केल्या तर वैशाखापर्यंत हात येतील का? त्यांनी वहिनीची बोटं एकेक करून हलवून पाहिली. दुखणं कमी होईल म्हणाले. पाच महिने औषध नव्हतं, त्यात जे झिजलं ते आता भरून येत नाही.

चैत्रभर ती रोज दुपारी बसली. निवडलेले मणी ताटलीत, दोरा पायाच्या अंगठ्याला. मणी कसेबसे ओवले जायचे, पण गाठ यायची नाही. गाठ ओढायला दोन बोटांची चिमूट लागते आणि तिची चिमूट आता मिटत नव्हती. संजीवनी म्हणायची, आई, राहू दे. दादा खोलीबाहेर जायचा. संध्याकाळी ती दोरा कापून टाकायची आणि मणी परत ताटलीत ओतायची.

मी मग एक केलं. सेंटरमध्ये पेशंट नसताना दार लावून गाठ मारायला शिकले. लहानपणी पाहिलेलं होतं, हात पटवेकऱ्याचे होते. तीन आठवड्यांत मला जमलं. ज्या कामाची मला शिसारी होती ते मी जीव लावून शिकले, आणि लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा नमुन्याला केलेली एक वीतभर पोत घेऊन वहिनीसमोर गेले. म्हटलं, संजूची पोत मी गाठवते. घरातलाच हात आहे.

"नको," ती म्हणाली.

"बघा तरी. गाठ पक्की आहे."

तिनं माझ्या हातातल्या पोतीकडे पाहिलंही नाही. "तू दिलीस तर ती सुलटी आहे का उलटी, ते मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही की काही नाही. मीठ कमी पडलंय, असं सांगावं तसं म्हणाली आणि ताटली उचलून आत गेली.

संजीवनीची पोत शेवटी दादानं गुजरीतल्या दुसऱ्या दुकानातून गाठवून आणली. पटवेकऱ्याच्या घरात बाहेरून पोत आली. सासरच्या एका म्हातारीनं मांडवात ती हातात घेऊन पाहिली आणि हा हात कुणाचा म्हणून विचारलं. वहिनी म्हणाली, बाजारचा आहे.

नाडगोंडे अजून जबडे उघडतो, आता त्याच्या चार शाखा आहेत. मी त्याचं काम घेणं बंद केलं, पण का बंद केलं ते गावात कुणाला सांगितलं नाही. घरात वहिनी माझ्याशी नीट वागायची, पूर्वीसारखीच वाढायची, आजारी पडले तर उशाशी बसायची. चार-पाच वर्षांनी एकदा तिची दाढ ठणकू लागली. डॉक्टरनं फोटो काढून आणायला सांगितलं. मी सकाळी निघताना म्हटलं, दुपारी या सेंटरवर, पाच मिनिटांचं काम आहे. ती बरं म्हणाली. संध्याकाळी घरी आले तर टेबलावर एक्स-रेचं पाकीट होतं. एसटीनं सांगलीला जाऊन ती फोटो काढून आली होती.